खिडकी उभी, शेजारी आडवा

नेकनुरात घर वाढवायचं झालं तर माणूस आधी वाळू टाकतो. अर्जाचं नंतर बघतात. दोन ब्रास वाळूचा ढीग रात्रीतून दारापुढं पडला, अर्धा रस्त्यात, की सकाळी गावाला कळतं, इथं काहीतरी निघणार आहे. मग दिवसभर सुनावणी चालते. दूध घालायला निघालेला थांबतो, शेताला निघालेला थांबतो, दवाखान्याला निघालेला कण्हत कण्हत थांबतो. "काय काढलंय?" "काही नाही, एक खोली." "वरी का बाजूला?" "बघू." या 'बघू'मागं बराच विचार असतो. वर म्हणावं तर मागच्या घराचं ऊन जातं, बाजूला म्हणावं तर भाऊबंद जागा होतो. पुढं म्हणावं तर रस्ता. तो सगळ्यांचा असल्यामुळं त्याची काळजी कुणालाच नसते, म्हणून बरीचशी घरं पुढं वाढलेली दिसतात.

कायदा नाही असं कुणी समजू नये. ग्रामपंचायतीचा अधिनियम १९५८ सालचा आहे आणि त्याच्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीच्या परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. २०२१ साली तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी त्यात मोठी सूट जाहीर केली. गावात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या बांधकामाला परवानगीची गरज नाही, मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला दिला की पुरे. त्यापुढं ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीनंच परवानगी द्यायची, नगररचना खात्याकडं हेलपाटे नकोत. बातमी वाचून गाव खूश झालं. मग 'मालकीचा कागद' या दोन शब्दांपाशी अर्धं गाव अडकलं.

आमच्या दाजींचाच उतारा घ्या. आक्का नेकनूरला दिलेली. मांजरसुंब्याहून केजकडं जाताना लागतं ते नेकनूर, बंकटस्वामी महाराजांच्या संस्थानामुळं वारकऱ्यांच्या तोंडी असलेलं. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून गुरुजी म्हणून निवृत्त झाले, त्यामुळं कागदाचं त्यांना प्रेम. पण घराचा उतारा अजून त्यांच्या आजोबांच्या नावावर. आजोबांच्या खाली वारस इतके, की सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या तर आधी मंगल कार्यालय ठरवावं लागेल. चतुःसीमा अशी: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस एका गृहस्थांचा वाडा, दक्षिणेस बोळ, उत्तरेस सामाईक भिंत. पश्चिमेचे गृहस्थ वारले, त्यांचा वाडाही बसला, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. रस्ता निम्मा उरलाय. बोळ कुणाचा, यावर दोन पिढ्या गेल्या. सामाईक भिंत तेवढी जागेवर आहे आणि तिच्या पलीकडं आप्पा आहेत.

आप्पा म्हणजे दाजींचे सख्खे चुलतभाऊ. दोघांत बोलणं नाही. भिंत दगडमातीची, दोन हात रुंद. अलीकडून दाजींच्या देवळ्या, पलीकडून आप्पांच्या. दाजी घर मोजतात तेव्हा भिंत आत धरतात, आप्पाही आत धरतात, आणि दोघांचा हिशेब आपापल्या परीनं बरोबर येतो. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोननं करायचं ठरलं तेव्हा लोकांना वाटलं, आता भानगड मिटणार. ही योजना केंद्रानं २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केली, पण तिचा पहिला प्रयोग आपल्याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झालेला. पद्धत सोपी. प्रत्येकानं आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढायची, वरून ड्रोन फोटो घेतो, मग नकाशा आणि मिळकत पत्रिका. यात एकच बारीक गोष्ट राहून गेली, ती ही की रेघ ज्याची त्यानं ओढायची. आदल्या संध्याकाळी ओढलेली रेघ पहाटे हातभर पुढं गेलेली असते, आणि पलीकडच्यानं तेवढ्यात आणखी एक ओढलेली असते. एकेका बोळात रेल्वेच्या रुळांसारख्या दोन-दोन पांढऱ्या रेघा. ड्रोन काय, जे दिसतं ते टिपतो. सामाईक भिंतीची त्याला वरची बाजू दिसली. तिथं दोन्हीकडची माळवदं एकमेकांत मिसळलेली, वर एकच गवत उगवलेलं.

अशा घरातला मुलगा, म्हणजे माझा भाचा, इंग्लंडला गेला, कॉम्प्युटरची नोकरी धरली आणि तिथंच घर घेतलं. घर घेतल्याचे पेढे वाटून झाल्यावर कळलं, ते घर संवर्धन क्षेत्रात आहे. म्हणजे त्या सगळ्या आळीचं जुनेपण सरकारनं जपायला घेतलंय. इंग्लंडात हे १९६७ च्या कायद्यानं सुरू झालं, पहिला मान लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्ड गावाला मिळाला, आणि आता एकट्या इंग्लंडात अशी दहा हजारांच्या आसपास क्षेत्रं आहेत. आकडा ऐकून दाजी म्हणाले, "दहा हजार ठिकाणं जुनी ठेवायची म्हटल्यावर लोकांनी नवं बांधायचं कुठं?" भाचा म्हणाला, "नेकनूरला."

भाच्याचं घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, लाल विटांचं, ओळीतलं. मागं निमुळतं स्वयंपाकघर आणि त्याच्या बाजूनं पाचेक फुटांचा बोळ. आक्का आणि दाजी तिकडं राहायला गेले, आक्कानं भाकरीला तवा ठेवला, आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र असं कोकललं की समोरची माणसं बाहेर आली. त्याच दिवशी ठरलं की बोळावर छप्पर टाकून स्वयंपाकघर रुंद करायचं. भिंत हलवायची नाही, मजला चढवायचा नाही.

"बोळ कुणाचा?" दाजींनी विचारलं. सवयच ती.

"आपलाच."

"उताऱ्यावर?"

"आपल्याच."

"दुसऱ्याचा हक्क? जाण्या-येण्याची वहिवाट?"

"कुणाची नाही."

"मग कुणाला विचारायलास?" निर्विवाद बोळ दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता आणि तो मोकळा पडून होता.

पण तिथंच तर मेख. त्या देशात साध्या ठिकाणी मागच्या बाजूला थोडं वाढवायचं तर बहुतेक वेळा विचारावंही लागत नाही. संवर्धन क्षेत्रात घराच्या कुशीला काही जोडायचं म्हटलं की मात्र रीतसर अर्ज. अर्जाची फी एप्रिल २०२५ मध्ये ५२८ पौंड झाली, रुपयांत साठ हजारांच्या घरात. त्याआधी ती २५८ होती. आणि अर्ज करण्याआधी, अर्ज कसा केला तर मंजूर होईल याचा सल्लाही कौन्सिलकडून मिळतो, त्याची फी वेगळी. दाजींना हे ऐकून फारच घरच्यासारखं वाटलं. म्हणाले, "हे आपल्याकडंही आहे. पावती तेवढी मिळत नाही."

नकाशा १:१२५० या प्रमाणात, घराभोवती लाल रेघ, उत्तर दिशेचा बाण. बाण नसला तर अर्ज दाखलच होत नाही. लाल रेघ ओढताना शेजारी कुणी चुना घेऊन उभं नव्हतं, याची दाजींनी दोनदा खात्री करून घेतली. मग वारशाचं निवेदन. तुमच्या बांधकामानं या परिसराच्या ऐतिहासिक स्वरूपाला धक्का कसा लागत नाही, हे तुम्ही लिहून द्यायचं. त्यासाठी आधी घराचा इतिहास लिहावा लागतो. दाजी इतिहास शिकवत होते, त्यामुळं त्यांनी मनावर घेतलं. जुने नकाशे बघता बघता निष्पन्न असं झालं, की त्या बोळाच्या टोकाला एके काळी घराचा संडास होता आणि त्याला लागून कोळशाची कोठी. सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास एवढाच. राजा आला नाही, लढाई झाली नाही, एक कवीसुद्धा भाड्यानं राहून गेला नाही. "म्हणजे ज्या जागेला जायला आपण टमरेल घेऊन जातो," दाजी मला फोनवर सांगत होते, "तिथं जायला ही लोकं इतिहास घेऊन जातात."

मग वटवाघळं. छपराला हात लागणार म्हटल्यावर, तिथं वटवाघळं राहतात का याची तपासणी. १९८१ पासून त्या देशात वटवाघळाला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला हाकलणं तर गुन्हाच, पण त्याची राहती जागा मोडणं हाही गुन्हा. तपासणीसुद्धा कधीही होत नाही, मे ते सप्टेंबर एवढाच हंगाम, कारण थंडीत ती झोपलेली असतात. एक शिकलेली बाई संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसली, हातात यंत्र, डोळे छपराकडं. आक्कानं तिला चहा दिला. घरात वटवाघूळ निघालं नाही. निघालं असतं तर त्याचं पुनर्वसन करावं लागलं असतं, आणि ते वेळेत झालं असतं असं दाजींना वाटतं. पुनर्वसनाबद्दल मराठवाड्यातल्या माणसाचं मत घेऊ नये.

मागच्या अंगणातलं एक झाडही या सगळ्यात निघालं. मनगटापेक्षा थोडं जाड, पण छातीच्या उंचीवर त्याचा व्यास ७५ मिलिमीटरच्या वर गेला, त्यामुळं त्याला हात लावायच्या आधी सहा आठवड्यांची नोटीस. दिली.

एवढं सगळं होऊन अर्ज दाखल झाला आणि मग तो दिव्याच्या खांबाला लागला. खरंच. अमक्या घराला बोळावर छप्पर टाकायचंय, कुणाची हरकत असेल तर २१ दिवसांत लेखी कळवा, असा कागद आळीतल्या खांबाला बांधला. शेजाऱ्यांना पत्रं गेली. दाजी रोज फिरायला जाताना त्या खांबापाशी थांबून कोण वाचतंय ते बघत. कुणीच थांबून वाचेना, तेव्हा त्यांना जरा वाईटही वाटलं. आपल्याकडं वाळूच्या ढिगाला याहून जास्त लोक येतात.

पण हरकत आली. शेजारच्या आजीबाईंची. ही बाई रोज सकाळी कुंपणावरून हवापाण्याबद्दल बोलणारी, आक्काला स्वतः केलेला केक आणून देणारी. तिनं कौन्सिलच्या संकेतस्थळावर, नावानिशी, कुणालाही वाचता येईल असं लिहिलं, की या बांधकामानं माझ्या स्वयंपाकघराचा उजेड जाईल आणि आपल्या या लाडक्या परिसराचं स्वरूप बिघडेल. हरकत दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा केक. आक्काला हे काही केल्या उमगेना. नेकनुरात ज्याची हरकत त्याच्या घरचा गुळाचा खडाही वर्ज्य. आप्पांनी लेखी कधी काही दिलं नाही, पण दाजींनी नुसतं गवंड्याला चहाला बोलावलं तरी पलीकडून भांडी आपटायचा आवाज येतो, आणि दाजी कॉलमचा विचार पुढच्या उन्हाळ्यावर टाकतात. म्हणून तर आक्काच्या घरावर पाच-सहा कॉलमच्या सळया कधीपासून आभाळाकडं बघत गंजतायत.

उजेडाचं म्हणणं मात्र दोन्हीकडं एकच. शेजाऱ्याच्या खिडकीच्या मध्यापासून ४५ अंशांची रेघ ओढायची, ती तुमच्या बांधकामाला अडली तर उजेड अडला, असा तिथल्या कौन्सिलांचा ठोकताळा. शिवाय वीस वर्षं सलग उजेड येत असेल तर त्यावर शेजाऱ्याचा हक्क बसतो, असा १८३२ चा कायदा. इंग्रजांनी तीच वीस वर्षं आपल्याकडच्या १८८२ च्या ईझमेंट ॲक्टमध्ये घातली आणि पुढं तो मुंबई इलाख्याला लागू केला. बीड तेव्हा निजामाकडं, त्यामुळं इंग्रजांचा कायदा आमच्याकडं आला नाही. शेजारी होतेच.

दाजींनी तिथल्या सामाईक भिंतीच्या कायद्याचीही चौकशी केली, तो १९९६ चा. भिंतीला हात लावायचा असेल तर शेजाऱ्याला दोन महिने आधी नोटीस द्यायची, तो चौदा दिवसांत काही बोलला नाही तर वाद आहे असंच धरायचं आणि दोन्हीकडून भिंतीचे जाणकार नेमायचे. त्यांचा खर्च बहुधा बांधणाऱ्यानं करायचा. शेजारी गप्प बसला म्हणजे वाद आहे, हे कलम वाचून दाजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. आप्पा किती वर्षांपासून गप्प आहेत, ते बहुधा मोजत असावेत.

याच दिवसांत भाच्यानं त्यांना रॉबर्ट फिडलरची गोष्ट सांगितली, आणि परत आल्यावर दाजींनी ती पारावर. सरे परगण्यातला हा शेतकरी. परवानगी मिळणार नाही हे ओळखून त्यानं शेतात बुरुजाबिरुजाचा गढीवजा वाडा बांधला आणि भोवती काडाच्या भाऱ्यांची चाळीस फूट उंच गंजी रचली, वर ताडपत्री. आत बायकोपोरांसह २००२ ते २००६ राहिला. हिशेब असा, की चार वर्षं कुणाची तक्रार आली नाही तर बांधकाम कायम होतं. चार वर्षं झाल्यावर गंजी काढली. कौन्सिलनं म्हटलं, लपवलेलं बांधकाम दिसणार कसं आणि तक्रार येणार कशी? २०१० साली उच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. बरीच वर्षं झुंजून २०१६ साली त्याला तो वाडा पाडावा लागला. आता तर ती चार वर्षांची मुदतच दहा वर्षांची केलीय.

पारावरच्या लोकांनी गोष्ट अतिशय गांभीर्यानं ऐकली. कोर्टात तो हरला याचं कुणाला काही नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. चाळीस फूट गंजी चार वर्षं उभी, आणि एकाही पाहुण्यानं जनावराला पेंढीभर मागितली नाही? उन्हाळ्यात? एकानं तर स्वच्छ सांगितलं, "गुरुजी, नेकनूरच्या बाजारात बैल आणल्यापासून त्याला दात किती हे सांजेपर्यंत गावाला कळतंय. वाडा कशानं लपतोय?"

ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनची गोष्ट त्यांना कमी पटली, पण मला ती जास्त आवडते. बिल हाइन नावाच्या माणसानं ऑगस्ट १९८६ मध्ये आपल्या साध्या घराच्या छपरात पंचवीस फुटांचा शार्क मासा डोकं खाली करून खुपसून ठेवला. परवानगी अर्थातच नव्हती. कौन्सिलनं काढायला सांगितला, हा काढेना, प्रकरण सरकारपर्यंत गेलं आणि १९९२ साली मासा राहू द्यावा असा निकाल आला. पुढं २०२२ मध्ये त्याच कौन्सिलनं तो मासा स्थानिक वारसा यादीत घातला. हाइन तोवर गेले होते. त्यांच्या मुलानं हरकत घेतली, की माझ्या बापानं हा तुमच्या परवानगीच्या विरोधात बसवला होता, त्याला तुम्ही वारसा कसं म्हणता? म्हणजे एकाच घराला आधी ठेवू नका आणि मग काढू नका, अशा दोन्ही नोटिसा मिळाल्या. आपल्याकडची काही अतिक्रमणं वयानं याहून मोठी आहेत. त्यांनी धीर सोडू नये.

जुन्याच्या जवळ राहण्याची खरी शिक्षा बघायची तर मात्र पुण्यात जावं. शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षणाखाली आहे आणि २०१० च्या दुरुस्तीपासून अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढं दोनशे मीटर परवानगीनं. शंभर मीटरच्या आत फार तर दुरुस्ती, तीही विचारून. आता शनिवारवाड्याच्या आतला वाडा १८२८ सालीच जळून गेला, राहिले ते तट, दरवाजा आणि जोती. त्या जोत्यांच्या जतनासाठी भोवतीच्या पेठांतले, ज्यांत अजून माणसं राहतात असे वाडे टेकू लावून उभे आहेत. पाडून नवं बांधता येत नाही. दुरुस्त करावं तर आत भाडेकरू, बाहेर मालक आणि मध्ये कोर्ट. पेशव्यांच्या जोत्याला धक्का लागू नये म्हणून जोश्यांच्या जिन्यानं जीव मुठीत धरून उभं राहायचं. हे मी विनोदी लेखात लिहितोय, पण त्या जिन्यावरून रोज चढणाऱ्याला हे वाचून हसू येईल असं वाटत नाही.

आणि जिथं जपायला हवं होतं तिथं कुणी विचारलं नाही. आमच्या भागातली माळवदाची घरं घ्या. सागवानी खांब, तुळया, वर किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, शिरताना ढाळज, भिंतीत बळद. उन्हाळ्यात त्या घरात जे गार वाटायचं ते स्लॅबखाली पंखा लावून वाटत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि याच दगडमातीच्या भिंती आणि तीच जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर माळवदाखाली कुणाला झोप लागेना. लोकांनी माती उतरवली, पत्रे टाकले. त्यांना कोण नावं ठेवणार? मात्र उतरवलेलं लाकूड कुठं गेलं ते बघा. कोरीव खांब आणि दारं किलोच्या नाही तरी नगाच्या भावात जुनं सामान घेणाऱ्यांनी नेली आणि आता ती शहरांकडच्या हॉटेलांत गावरान जेवणाच्या ताटामागं उभी आहेत. दाजींनी ढाळजेच्या जुन्या भाजक्या विटा उकिरड्याचा खड्डा बुजवायला दिल्या, फुकट, वर नेणाऱ्याला चहा. भाच्याला तिकडं कौन्सिलनं अट घातली, की नवी वीट जुन्या विटेशी जुळली पाहिजे, नमुना आधी दाखवा. जुन्या पाडकामातली वीट नव्या विटेपेक्षा महाग पडते. बिल ऐकून दाजींनी त्या खड्ड्याची जागा मला दाखवली. वर आता जनावरं बांधतात.

भाच्याला परवानगी मिळाली, पण सुखासुखी नाही. पहिल्या नकाशात त्यानं आडवी सरकणारी ॲल्युमिनियमची खिडकी दाखवली होती, आमच्याकडं प्रत्येक घराला असते तशी. अधिकाऱ्यानं कळवलं, परिसराला शोभत नाही. लाकडी करा आणि उभी करा, वर-खाली सरकणारी. आजीबाईंच्या उजेडासाठी छप्पर त्यांच्या बाजूला उतरतं करा. केलं. सुधारित नकाशा गेला, आठ आठवड्यांत निकाल द्यायचा नियम आहे तो थोडा वाकला, आणि अटींसह मंजुरी आली. तीन वर्षांच्या आत काम सुरू करा, नाहीतर परवानगी संपली. "सुरू करा म्हणजे?" दाजींनी विचारलं. "वाळू टाकली तरी चालतंय का?"

दाजी परत आले ते डोक्यात तो खांब घेऊन. त्यांना घराला बाहेरून जिना काढायचा होता. आणि त्यांनी नेकनुरात कुणी केलं नसेल ते केलं. स्वच्छ अक्षरात जाहीर सूचना लिहिली, लॅमिनेशन केलं आणि दारासमोरच्या महावितरणच्या खांबाला सुतळीनं बांधली. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आमच्या राहत्या घरास बाहेरून जिना बांधण्याचे योजिले आहे. कुणाची हरकत असल्यास २१ दिवसांचे आत लेखी द्यावी.' ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक प्रत. त्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण माणूस भाऊसाहेबच. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "गुरुजी, तब्येत बरी आहे ना?"

हरकती धो धो आल्या. वहीचे फाडलेले कागद, लग्नपत्रिकेची मागची बाजू, एक तर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. जिन्याबद्दल त्यांतल्या थोड्याच होत्या. एकानं नळाला पाणी येत नसल्याचं लिहिलं. एकानं घरकुलाच्या यादीत आपलं नाव का नाही म्हणून विचारलं. एकाची हरकत अशी, की गुरुजींनी आपल्याला चौथीत विनाकारण नापास केलं होतं, सबब जिना होऊ नये. एका घराची तक्रार, थोरल्याच्या लग्नात आपल्याला आहेर केला पण मानाचा टॉवेल दिला नाही. एकानं दोन्ही बाजूंनी लिहिलं आणि खाली 'कळावे, लोभ असावा' म्हणून सही केली नाही. दाजींनी सगळ्या हरकतींना क्रमांक दिले.

आणि आप्पांचा कागद आला. वर्षानुवर्षं न बोललेल्या माणसाचा, शुद्ध मराठीत: जिन्यावर उभ्या राहणाऱ्या माणसास आमची न्हाणी दिसेल. दाजी कागद घेऊन नाचायचेच बाकी. कारण शेजाऱ्याच्या खासगीपणाला बाधा हा कौन्सिलच्या यादीतला खरा मुद्दा होता, आजीबाईंच्या उजेडाच्या तोडीचा. त्याला केराची टोपली दाखवता येत नव्हती, जागेवर जाऊन पाहणं आलं. दाजी आप्पांच्या घरी गेले. सोबत शाळेतला मोठा लाकडी गुण्या नेला, फळ्यावर भूमिती शिकवायचा तो, पंचेचाळीस अंशांचा. दोघं चुलतभाऊ न्हाणीत उभे राहून गुण्या डोळ्यापुढं धरून जिन्याच्या जागेकडं बघत होते. आप्पांच्या सुनेनं पाणी आणून दिलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. बराच खल होऊन असं ठरलं की जिना दोन हात पुढं घ्यायचा आणि वळणावर आडोसा भिंत उचलायची. भिंत दाजींच्या खर्चानं, पण आप्पांच्या देखरेखीखाली. भिंतीची जाडी कुणाच्या हद्दीत, हा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

एकविसाव्या दिवशी शेवटची हरकत आली, आतून. आक्कानं किराणा मालाच्या यादीमागं लिहून ती बाकीच्या कागदांत सरकवून ठेवली होती. वर खोली नाही, तर जिन्यावरून जायचं कुठं? आणि स्वयंपाकघर तीन पावसाळ्यांपासून गळतंय, त्याचा अर्ज कुणाकडं करायचा? दाजींनी नियमाप्रमाणं शेरा मारला, 'विषयास धरून नाही, दप्तरी दाखल.' त्या दिवशी दुपारचा चहा झाला नाही. संध्याकाळी मी तिथं होतो, अपील सुनावणीला निघालं होतं, आणि अपिलात बोलणारी बाजू एकच होती. दुसऱ्या दिवशी गवंडी जिन्यासाठी आणलेल्या सळया स्वयंपाकघराच्या कॉलमला बांधत होता. आप्पा भिंतीपलीकडून त्याला ओळंबा धरायला सांगत होते.